किमान गरजा आणि अकोल्याचा मे महिना

बारावीची परीक्षा आटोपली आणि अकोल्याहून भाच्याचा फोन आला. “मामा, वूकाँग चालन का आपल्या पीसीवर?”

‘ब्लॅक मिथ : वूकाँग’ आला २० ऑगस्ट २०२४ला. पोरगं तेव्हा बारावीत, म्हणून वर्षभर दुसऱ्यांचा खेळ मोबाइलवर बघत राहिलं. चीनमधल्या गेम सायन्स या स्टुडिओचा हा गेम सुन वूकाँग या वानरराजाचा आहे. त्याची मूळ गोष्ट सोळाव्या शतकातल्या एका चिनी कादंबरीत आहे. त्या कादंबरीतला भिक्षू ज्या ह्युएन त्संगवरून घेतला, तो सातव्या शतकात दुसऱ्या पुलकेशीच्या काळी आपल्या महाराष्ट्रात येऊन गेला आणि इथल्या माणसांबद्दल लिहूनही गेला. हे भाच्याला सांगितलं तर त्याला गेम आणखीच जवळचा वाटायला लागला.

मी अमरावतीला एका शाळेच्या संगणक कक्षात काम करतो, आणि ओळखीपाळखीच्या पोरांचे पीसी जोडून देतो ते वाइस सिटीच्या काळापासून. २००३ सालच्या त्या गेमला ८०० मेगाहर्ट्‌झचा पेन्टियम थ्री, १२८ एमबी रॅम आणि ३२ एमबीचं कार्ड पुरत होतं. डिस्कवर एक जीबीसुद्धा जागा लागत नव्हती. वूकाँगला नुसती जागाच १३० जीबी लागते. म्हणून हल्ली कोणी विचारलं की मी फोनवर हो किंवा नाही सांगत नाही. आधी मशीन बघतो.

त्यातून हे पैसे भाऊजींचे. त्यांची शेती बार्शीटाकळीकडे, कपाशी आणि सोयाबीन. २०२५च्या हंगामात बीटी कपाशीच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत ९०१ रुपये होती. गेमची किंमत साडेतीन हजारांच्या घरात, म्हणजे पेरणीच्या तोंडावर बियाण्याची चार पाकिटं. ताईने फोन घेतला आणि एवढंच म्हणाली, “पैसे किती लागतीन ते सांग बावा, पण लावल्यावर बंद नाही पडला पायजे.” पोराचा हट्ट पुरवायला ती तयार होती. पैसा वाया जाऊ द्यायला तयार नव्हती, आणि तिचं बरोबर होतं.

भाच्याकडून आधी मशीनची माहिती मागवली. विंडोजमध्ये ‘डीएक्सडायग’ टाइप केलं की प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड एका खिडकीत दिसतात. त्याचा फोटो पाठव म्हटलं. आला. प्रोसेसर आय५-१०४००एफ, रॅमची ८ जीबीची एकच कांडी, कार्ड जीटीएक्स १६५०, ४ जीबीचं. गेमची किमान यादी म्हणते : आय५-८४०० किंवा रायझन ५ १६००, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १०६० सहा जीबी किंवा आरएक्स ५८० आठ जीबी. डिस्क साधी चालेल, पण एसएसडी असावी.

भाचा खूश. “मामा, त्याईनं १०६० मागतलं, आपल्याकडं तर १६५० हाये!”

इथेच पुष्कळ पोरं फसतात. कार्डाच्या नावात पहिले आकडे पिढी सांगतात आणि शेवटचे दोन त्या पिढीतला दर्जा. १०६० हे २०१६ सालचं कार्ड, पण त्यात १,२८० कोअर आणि १२० वॅट खाण्याची ताकद. १६५० तीन वर्षांनी आलं तरी ते आपल्या पिढीतलं धाकटं : ८९६ कोअर, ७५ वॅट, मेमरी ४ जीबी. आकडा मोठा असून काम कमी. याच १६५०वर त्याने पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा ‘राजी’ मजेत खेळला होता, कारण तो गेम निन्टेन्डोच्या हातात धरायच्या यंत्रावरही चालेल असाच बनवलेला. वूकाँग अनरियल इंजिन ५वर उभा आहे. त्याची मागणी वेगळी. लॅपटॉपवाल्यांना तर आणखी जपावं लागतं : आरटीएक्स ३०५० या एकाच नावाची लॅपटॉपमधली चिप कुठे ३५ वॅटवर चालते, कुठे ८०वर. डब्यावरचं नाव तेच, खेळ निराळा.

प्रोसेसर यादीच्या वरचढ होता. रॅमची आणखी एक कांडी लागणार होती. प्रश्न कार्डाचा होता. नवं घेणं परवडणारं नव्हतं, म्हणून अमरावतीत जुन्या बाजारात शोधलं. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियम या क्रिप्टोचलनाने ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद केलं, तेव्हापासून मायनिंगमधून निघालेली कार्डं गावोगावच्या दुकानांत येऊन पडलीत. एका दुकानात आरएक्स ५८० आठ जीबी मिळालं. दुकानदाराने काउंटरवरच्या मशीनला लावून स्क्रीन दाखवली : “बघा सर, ५८०च आहे.” नाव ५८०च होतं. मी पेन ड्राइव्हमधून कार्डाची आतली माहिती दाखवणारं जीपीयू-झेड उघडलं आणि शेडर्सचा, म्हणजे कार्डातल्या कोअरचा, रकाना बघितला. तिथे २०४८ होतं. खऱ्या ५८०मध्ये २३०४ असतात. २०४८वालं कार्ड मुळात चीनच्या बाजारासाठी निघालेलं. आतून ते ५७०च्या बरोबरीचं. दुकानदाराने स्वतः तो रकाना कधी बघितला नव्हता. मागच्या खोलीतून त्याने दुसरं कार्ड आणलं, त्यावर २३०४ दिसले. पंख्याचा आवाज ऐकला, अर्धा तास लोड देऊन चालवलं, स्क्रीनवर ठिपके-रेघा येतात का ते बघितलं, आणि साडेपाच हजारांत घेतलं. जुनं कार्ड घेणाऱ्याने हा एक रकाना बघितल्याशिवाय खिशात हात घालूच नये.

५८० एकटं १८५ वॅट ओढतं. १६५० मदरबोर्डच्या खाचेतूनच वीज घेत होतं, याला आठ पिनांची वेगळी वायर लागते. पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, म्हणजे एसएमपीएसच्या, लेबलचा फोटो भाच्याकडून मागवला. वर ठसठशीत ‘४५० वॅट’, आणि खाली बारीक अक्षरात १२ व्होल्टच्या लाइनीपुढे १८ अँपिअर. बारा गुणिले अठरा, २१६ वॅट. कार्ड आणि प्रोसेसर दोघं मिळून अडीचशेच्या वर जाणार. मोठ्या अक्षरातला आकडा कितीही असो, कार्डाला आणि प्रोसेसरला जी वीज लागते ती या बारीक आकड्यातून मिळते. चांगला ५०० वॅटचा एसएमपीएस घ्यावाच लागला. भाऊजींना फोनवर हिशेब सांगितला. ते म्हणाले, “घ्या, पण मांगून परत काई निघू देऊ नका.”

सगळं पिशवीत घालून एसटीने निघालो. बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला. या रस्त्यावर जून २०२२मध्ये लोणी ते मूर्तिजापूर टप्प्यात एका लेनच्या मापाने ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनीजमध्ये नोंदलं गेलं. त्याआधी याच रस्त्याने मी हार्ड डिस्क असलेलं कॅबिनेट मांडीवर घेऊन गेलोय. प्रत्येक खड्ड्याला डिस्कची काळजी वाटायची. या वेळी कार्ड मांडीवर निवांत बसून आलं.

ताईचं घर कौलखेडकडे आणि भाच्याची खोली वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली. अकोल्याचा मे ज्याने काढलाय त्याला याचा अर्थ कळेल. २०२४च्या मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला तेव्हा उन्हापायी इथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी कलम १४४ लावलं होतं. कोणत्याही गेमच्या यादीत प्रोसेसर असतो, रॅम असते, कार्ड असतं, पण ते सगळं किती तापलेल्या खोलीत ठेवून तपासलं हे लिहिलेलं नसतं. तिकडचे परीक्षक वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत मशीन चालवतात. चिपची उष्णता पंखा बाहेर फेकतो ती खोलीतल्याच हवेत, म्हणून खोली पंधरा अंशांनी गरम असली तर चिपही साधारण तेवढीच जास्त तापते. ठरावीक मर्यादा आली की चिप स्वतःला वाचवायला आपला वेग उतरवते. मशीन बंद पडत नाही, बिघाडाची सूचना येत नाही, फक्त खेळ अडखळायला लागतो आणि पोरगं समजतं की कार्डच खराब आहे.

कॅबिनेट उघडलं तर पंख्याच्या पात्यांवर आणि हीट सिंकच्या फटींत धुळीबरोबर कापसाची तूस घट्ट बसलेली. ब्लोअरने काढली. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा, तो भन्नाट फिरला तर बेअरिंग जातं. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली, कांडी, कार्ड आणि एसएमपीएस बसवला.

गेम विकत घ्यायची घाई केली नाही. गेम यायच्या आठवडाभर आधी, १३ ऑगस्ट २०२४ला, कंपनीने बेंचमार्कचं साधन स्टीमवर फुकट दिलं होतं, ते उतरवलं. त्यात जंगल-पाण्यातून कॅमेरा फिरतो आणि शेवटी सरासरी आणि किमान एफपीएस, म्हणजे सेकंदाला चित्रं, किती ते दिसतं. भाच्याने लगेच चालवायला माउस धरला. मी म्हटलं, आत्ता एकदा चालवू, मग सकाळी आणि मग भर दुपारी. भिंतीवरचं तापमापक काढून कॅबिनेटच्या शेजारी ठेवलं.

सकाळी सहाला खोलीत ३१ अंश. सेटिंग लो, रिझोल्यूशन १०८०, अपस्केलिंग चालू. कार्ड ७४ अंशांवर स्थिर, सरासरी ४५च्या आसपास. भाच्याचा चेहरा फुलला. दुपारी तीनला कूलर बंद ठेवून पुन्हा लावलं, कारण उन्हाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नसतो आणि इन्व्हर्टरवर पीसी चालतो तेव्हा कूलर बंदच असतो. तापमापक ४१ दाखवत होतं. दहा मिनिटांत कार्ड ८५च्या पुढे गेलं, १,३४० मेगाहर्ट्‌झचा वेग अकराशेच्या खाली उतरला, सरासरी ३५ वर आली आणि किमान आकडा विशीत घसरला. तेच कार्ड, तीच यादी, तोच पोरगा. भाचा म्हणाला, “मामा, गेम जड हाये का खोली?”

खोली. मग तिच्यावरच काम केलं. कॅबिनेट भिंतीपासून हातभर पुढे ओढलं. कूलरची हवा खोलीत फिरेल पण वाळ्याच्या ताट्यांतून उडणारं पाणी मशीनवर येणार नाही, असा कोन बसवला. कार्डाच्या सॉफ्टवेअरमधून वीज थोडी कमी केली आणि एफपीएसला ३५ची मर्यादा घातली. ही मर्यादा पोरांना आवडत नाही. स्क्रीनवर साठ दिसले की त्यांना बरं वाटतं. पण जो साठवरून विसावर आपटतो त्यापेक्षा पस्तीसवर ठाम राहणारा खेळ हाताला कितीतरी चांगला लागतो. कूलर लावून तीन वाजता पुन्हा बेंचमार्क : कार्ड ७९, आकडा पस्तीसवरून हलला नाही.

बेंचमार्कमध्ये लढाई नसते, हे ध्यानात ठेवलं होतं. म्हणून खरेदी केली ती स्टीमच्या नियमावर भिस्त ठेवून : घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. पहिल्यांदा गेम उघडला की तो शेडर तयार करत बसतो, आणि तो वेळही या दोन तासांत धरला जातो, म्हणून घड्याळ लावून बसलो. १३० जीबी उतरवायला ४० एमबीपीएसच्या जोडणीवर सात तासांहून जास्त लागतात. रोज दोन जीबीच्या मोबाइल डेटावर हेच दोन महिन्यांचं काम आहे. रात्री लावून झोपलो. सकाळी भाच्याने पहिला मोठा राक्षस पाडला तेव्हा ताई चहा घेऊन वर आली आणि उभ्या-उभ्या बघत राहिली. “हा तं आपला मारुतीच दिसते,” म्हणाली. कार्ड ७६वर होतं.

गेम बनवणाऱ्या कंपन्यांना माझी एक मागणी आहे. यादीत प्रोसेसर आणि कार्ड लिहिता, तिथेच एक ओळ वाढवा : ही तपासणी किती अंशांच्या खोलीत केली. पंचवीस अंश लिहिलेलं दिसलं की अकोल्याचा, चंद्रपूरचा, जळगावचा पोरगा आपला हिशेब आपण करेल. आणि दुकानदारांनो, गिऱ्हाइकासमोर जीपीयू-झेड उघडून शेडर्सचा रकाना दाखवा, एसएमपीएसवरचे बारीक अँपिअर वाचून दाखवा. त्याला पाच मिनिटं लागतात. तोवर वऱ्हाडातल्या आई-बापांनी आणि पोरांनी एवढं करावं : गेमचं बेंचमार्क किंवा डेमो फुकट असेल तर तो मे महिन्यात, दुपारी तीन वाजता, आपल्याच खोलीत अर्धा तास चालवून बघा, आणि मगच पैसे भरा.