वडिलांचे क्लॅरिओनेट

मॉरिशसमधील मराठी बांधवांस घराण्याचा माग कसा काढावा हे मी सांगावयास नको. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटिया मजुरांच्या नोंदवह्या जतन केलेल्या आहेत. कारकुनाच्या कानावर जसे पडले तसे पणज्याचे नाव लिहिले गेले असेल. परंतु त्याचा क्रमांक हाती लागला की जहाजही सापडते आणि गावही. आमच्या वडिलांसाठी अशी वही नाही. १९७४ साली ते करारावर मुंबईहून ‘द्वारका’ आगबोटीने कुवेतला आले. मी येथेच जन्मलो, येथेच शिकलो आणि आज येथेच शिकवितो. वडिलांच्या ट्रंकेत मात्र एक वस्तू होती, जिच्या अंगावर क्रमांक कोरलेला आहे: आजोबांचे क्लॅरिओनेट.

आजोबा सातारा भागात लग्नाच्या बँडमध्ये ते वाजवीत. काळे लाकूड, जर्मन सिल्व्हरच्या चाव्या, एकूण पाच तुकडे. चाव्यांच्या धातूच्या नावावरूनच की काय, आमच्या घरी ते ‘जर्मन वाद्य’ म्हणून प्रसिद्ध होते. कोणा साहेबाने आजोबांवर खूश होऊन ते बक्षीस दिले, अशीही कथा होती. साहेबाचे नाव सांगणाऱ्यागणिक बदलत असे.

कथेचे सोडा. खरा प्रश्न वडिलांच्या सुराचा होता. घरगुती गणपतीच्या आरत्यांना ते हौसेने वाजवावयास बसत आणि पहिल्या कडव्यातच पेटीशी त्यांचे बिनसे. सूर चढा लागे. “जरा उतरवून घ्या,” असे पेटीवाले काका आधी सौम्यपणे, पुढे हसून म्हणत. नळीचा जोड थोडा बाहेर ओढून सूर उतरवावा, तर मधले स्वर आपापसांत बिघडत. हळूहळू वडिलांनी मंडळींत वाजविणे सोडले. आजोबांचा कान आपल्याकडे आला नाही, असे ते म्हणत. आणि हे त्यांनी इतक्या वेळा म्हटले की घरात ते सर्वांनी मान्यच केले.

दोन वर्षांपूर्वी मी भिंग घेऊन बसलो. वरच्या सांध्यावर पुसट इंग्रजी अक्षरे होती: ‘बूझी आणि कंपनी, लंडन’. म्हणजे जर्मनी गेली. बूझी आणि हॉक्स या दोन लंडनच्या पेढ्या १९३० साली एक झाल्या आणि त्यानंतर जोडनाव चालू झाले. तेव्हा हे वाद्य त्यापूर्वीचे असणार. चाव्यांची रचनाही जुनी निघाली. पॅरिसच्या क्लोझे व ब्यूफे यांनी १८४० च्या सुमारास जी नवी कड्यांची रचना प्रचारात आणली, ती आज बहुतेक ठिकाणी शिकविली जाते. आमचे वाद्य त्याही आधीच्या घराण्यातले, इव्हान म्युलरने १८१२ च्या सुमारास मांडलेल्या तेरा चाव्यांच्या वाद्याचे वंशज आहे. लष्करी बँडमधून आणि पुढे आपल्याकडील लग्नाच्या बँडमधून ही जुनी रचना पुष्कळ काळ टिकली.

मग एके दिवशी आमच्या शाळेतील वाद्यवृंदाचे नवे क्लॅरिओनेट त्याच्या शेजारी ठेवून पाहिले. आजोबांचे वाद्य सुमारे दोन सेंटिमीटर आखूड भरले. त्या दोन सेंटिमीटरांत आमच्या घरातले सारे भांडण होते. ब्रिटिश लष्करी बँडची पट्टी १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत आजच्याहून उंच असे. ज्या स्वराची आज सेकंदाला ४४० कंपने धरतात, त्याची तेव्हा सुमारे ४५२ धरीत. हा फरक जवळजवळ पाव स्वराचा. कानाला बोचेल एवढा, पण दुसरी पट्टी धरून सुटेल एवढा नव्हे. पट्टी उतरल्यावर जुनी वाद्ये तिकडे निरुपयोगी झाली आणि स्वस्तात विकली गेली. आजोबांच्या बँडमध्ये सगळीच वाद्ये त्या जातीची असली, तर कोणाच्या ध्यानात येणार? वडील एकटे पडले, नव्या पट्टीच्या पेटीसमोर.

लाकडाविषयी थोडे सांगितल्यावाचून राहवत नाही. अशी वाद्ये बहुधा ज्या लाकडाची करीत त्यास पूर्व आफ्रिकेत ‘म्पिंगो’ म्हणतात; ते आपल्या शिसवीचे सख्खे भावंड. कुवेतची शिडाची गलबते त्याच किनाऱ्यावरून घरांच्या छपरांसाठी खारफुटीचे वासे आणीत, आणि ती गलबते बांधावयास सागवान जाई मलबारातून. लाकडाचे प्रवास माणसांच्या प्रवासांहून काही सरळ नसतात.

१९९० च्या ऑगस्टमध्ये इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. बगदादमार्गे अम्मानला आणि तेथून एअर इंडियाच्या विमानाने आम्ही मुंबईस पोहोचलो. त्या वेळी सुमारे पावणेदोन लाख भारतीय असेच परत आणले गेले. आईने वाद्याचे पाचही तुकडे वेगवेगळ्या कपड्यांत गुंडाळले होते. वडील म्हणाले, “कशाला नेतेस? मला कुठे वाजवता येते?” आईने उत्तर दिले नाही.

बूझी आणि हॉक्स यांचा वाद्यसंग्रह व जुन्या कारखान्याच्या वह्या २००४ पासून लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात आहेत. तेथे विचारावे म्हणून क्रमांक उतरून घ्यावयास गेलो, तो शेवटचा आकडा झिजलेला. आजोबांच्या आणि वडिलांच्या बोटांनी तो नेमका तेवढाच पुसला आहे. वहीतल्या एका ओळीऐवजी मला आता दहा ओळी पाहाव्या लागतील.

तोवर मी एक काम उरकले. एक जुनी पेटी मिळवून, तिच्या पितळी पत्त्यांची टोके खरवडवून सर्व स्वर पाव स्वराने चढवून घेतले. दुरुस्ती करणाऱ्याने दोनदा विचारले, “नक्की ना? ही मग दुसऱ्या कशाशीच जुळायची नाही.” गेल्या गणपतीत ती वडिलांसमोर ठेवली. त्यांनी एक स्वर फुंकला, थांबले, पुन्हा तोच फुंकला. मग पेटीकडे न पाहताच म्हणाले, “सूर धरून ठेव.”