पन्नास बार

स्कूबा डायव्हिंग करणाऱ्याजवळ एक वही असते. तिला लॉगबुक म्हणतात. प्रत्येक बुडीला एक पान. तारीख, ठिकाण, किती मीटर खोल गेलो, किती मिनिटे पाण्याखाली होतो, उतरताना सिलिंडरमध्ये हवेचा दाब किती बार होता आणि वर आलो तेव्हा किती उरला होता, एवढे लिहायचे. काय पाहिले त्यासाठी चार ओळी, आणि अगदी तळाशी जोडीदाराची किंवा प्रशिक्षकाची सही. आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार आम्ही वर्गात बरीच वर्षे शिकवला. पण ज्याच्या पानोपानी साक्षीदाराची सही आहे असे आत्मचरित्र आमच्या पाहण्यात नाही. तो मान या वहीचा.

पहिली बुडी आम्ही वयाच्या पंचेचाळिशीत तारकर्लीला मारली. कशासाठी, हे घरच्यांनी पुष्कळदा विचारून झाले आहे, तेव्हा वाचकांनी तरी विचारू नये. पावसाळ्याचे चार महिने कोकण किनाऱ्यावर हा उद्योग बंद असतो, आणि उरलेल्या आठांत प्राध्यापकाच्या सुट्या त्या किती! तरी दिवाळी-नाताळ धरून मालवण, मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी बेट आणि पुढे अंदमान असे करीत दहा वर्षांत वहीत १०४ बुड्या जमल्या. शंभरी ओलांडली आणि आम्हांला एकट्याने पाण्यात उतरण्याचे वेध लागले.

या छंदाचा पहिला पाठच असा की, एकट्याने जायचे नाही. दोघांनी उतरायचे, दोघांनी वर यायचे. एकाची हवा संपली तर दुसऱ्याच्या सिलिंडरला लावलेल्या जादा नळीतून त्याने श्वास घ्यायचा. हे शहाणपण निर्विवाद मानले जाई. मात्र १९९९ साली एस. डी. आय. या प्रशिक्षण संस्थेने एकट्याने बुडी मारण्याचा रीतसर अभ्यासक्रम काढला. वय किमान २१ आणि नोंदलेल्या किमान १०० बुड्या, अशा त्याच्या अटी. २०११ मध्ये पॅडी या मोठ्या संस्थेनेही ‘स्वावलंबी डायव्हर’ अशा अर्थाच्या नावाचा अभ्यासक्रम सुरू केला. नावात ‘एकटा’ हा शब्द येऊ दिला नाही, पण शंभराची अट तीच.

शंभरच का, हे कोणी सांगत नाही. पीएच.डी.च्या नियमांतले आकडे जसे असतात तसाच हाही असावा.

जोडीदाराच्या बाजूचा सगळ्यांत बळकट युक्तिवाद आम्हांला हवेच्या हिशेबात सापडत नाही, तो नायट्रोजनच्या गुंगीत सापडतो. साधारण तीस मीटरच्या आसपास दाबाखालचा नायट्रोजन बुद्धीवर धुके आणू लागतो. माणूस गेज पाहतो, आकडा वाचतो, आणि त्या आकड्याचा अर्थ त्याला लागत नाही. वर पुन्हा आपले अगदी छान चालले आहे असे त्यालाच वाटत असते. हे धुके बहुधा दुसऱ्याच्या लक्षात येते. एकट्याच्या बाबतीत परीक्षक आणि परीक्षार्थी एकाच धुक्यात असतात.

दुसऱ्या बाजूलाही म्हणण्यासारखे आहे. मालवणला हौशी पर्यटकांना पाण्याखाली नेतात ते पाहावे. ज्याने आयुष्यात पहिल्यांदा मास्क लावला आहे अशा माणसाला मागून धरून तिथला तरुण मुलगा खडकाजवळ मासे दाखवीत फिरतो. पाण्याखाली दोघे आहेत खरे. पण त्या मुलाच्या स्वतःच्या रेग्युलेटरला काही झाले तर तो पर्यटक त्याला काय मदत करणार? तो मुलगा रोज तीन-तीन, चार-चार वेळा एकटाच बुडी मारतो, आणि वर एका घाबरलेल्या जिवाची जबाबदारी घेऊन मारतो. कॅमेरावाल्यांचे उलट. जोडीदार म्हणून आपल्याबरोबर उतरतात आणि एखादा इवलासा समुद्री गोगलगाय दिसला की पंधरा मिनिटे मान वर करीत नाहीत.

म्हणून एकट्याने जाणारा सगळे दुहेरी घेऊन जातो. दुसरा मास्क, दुसरी सुरी, आपण कुठे आहोत ते वर बोटीला कळावे म्हणून फुगवून सोडायचा नारिंगी फुगा, आणि स्वतंत्र रेग्युलेटर लावलेला छोटा सिलिंडर. या छोट्या सिलिंडरचे गणित आम्ही मोठ्या प्रेमाने करून ठेवले होते. दर दहा मीटरला एक वातावरण दाब वाढतो, म्हणजे तीस मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट. घाबरलेला माणूस पृष्ठभागावर मिनिटाला तीस लिटर हवा ओढत असेल, तर तिथे एकशेवीस ओढेल. एक मिनिट गोंधळात, मग मिनिटाला नऊ मीटर या सावकाश वेगाने वर, मग पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा: सगळे मिळून पाचशे लिटरच्या आसपास. तीन लिटरच्या सिलिंडरमध्ये दोनशे बार दाबाने सहाशे लिटर मावतात. जमले! हा कागद, वही आणि अर्ज घेऊन आम्ही अंदमानात स्वराज द्वीपाला आमच्या प्रशिक्षकांकडे गेलो.

हे गृहस्थ मूळचे मालवणकडचे, आमच्याहून वीस वर्षांनी लहान. आम्हांला ‘सर’ म्हणतात, आणि पाण्यात शिरताच आम्ही त्यांचे विद्यार्थी होतो. गणिताच्या कागदाकडे त्यांनी ओझरते पाहिले. वही मात्र पहिल्या पानापासून वाचायला घेतली. आमच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध आम्ही इतक्या सावकाश वाचले असते तर बरे झाले असते, असे तेव्हा मनात येऊन गेले. पाऊण तासाने ते एवढेच म्हणाले, “सर, हवा दर खेपेक बरोबर पन्नासच कशी उरता?”

पन्नास बार ही राखीव हवा. एवढी असताना वर यायचे, असा सर्वत्र शिरस्ता आहे. आमच्या वहीत ६३व्या बुडीपासून पुढे जवळपास प्रत्येक पानावर शेवटचा आकडा ५० होता.

६३वी बुडी नेत्राणीची. जोडीदार कॅमेरावाला होता. तो मागे राहिला आणि आम्ही एका कासवामागे खडकाला वळसा घालून गेलो. कासव सुंदर होते, याची नोंद वहीत आहे. गेजकडे लक्ष गेले तेव्हा चाळीस बार उरले होते, आणि दिसेल तिथवर जोडीदार नव्हता. वर आलो तेव्हा वीस. बोटीवर कोणी रागावले नाही, कारण कोणी विचारलेच नाही. संध्याकाळी वही लिहिताना आम्ही ५० लिहिले. जोडीदाराने न पाहता सही केली. त्याच्या वहीवर आम्हीही न पाहताच केली. त्यानंतर कधी पंचेचाळीस उरले, कधी साठ, एकदा तीस. पण पन्नास लिहिण्याची सवय होऊन गेली. कोणाला फसवावे असा हेतू नव्हता. त्या वीसच्या आधीचा जो नेमस्त डायव्हर होता, तोच आपण अजून आहोत असे वाचायला बरे वाटे.

हे सारे आम्ही त्यांना सांगितले. साक्षीदाराच्या सहीविषयी आम्ही जे कौतुकाने बोलत असू, त्याचे काय झाले ते इथे वेगळे सांगत नाही.

त्यांना वीस बारचे फारसे काही वाटले नाही. “वीस माझ्याकडूनही झालेत,” म्हणाले. त्यांचा पुढचा प्रश्न वेगळाच होता. दहा वर्षांत पाण्यापर्यंत जाऊन न उतरता परत आलो, असे किती वेळा झाले? आम्ही आठवून पाहिले. एकदाही नाही. पैसे भरलेले, रजा मोजकी, बोट सुटलेली. सर्दी असली तरी उतरलो, प्रवाह जोराचा असला तरी उतरलो, कारण दरवेळी बरोबर कोणीतरी होते आणि ते उतरत होते. एकट्याला ‘आज नको’ असे म्हणणारे दुसरे कोणी नसते, म्हणून ते ज्याला बोटीवर चारचौघांत म्हणता आले आहे त्यालाच ते एकट्याला सोडतात, असे त्यांनी सांगितले. पोहण्याची कसोटी, होकायंत्राची कसोटी, छोट्या सिलिंडरवर जाण्याची कसोटी, हे सारे ते घेतातच. पण आधी वहीत ते दिवस शोधतात. वहीत त्यांना रकाना नाही, तरी काहीजण समासात लिहून ठेवतात म्हणे.

अर्ज त्यांनी परत दिला. “औंदा नको, सर.”

राग आला, हे कबूल करायला हवे. आम्ही मार्गदर्शक म्हणून कित्येक प्रबंधांवर ‘हे संशोधन स्वतंत्र आहे’ अशा सह्या केल्या आहेत. त्यांतल्या एकाही विद्यार्थ्याला ‘तू कोणते प्रकरण लिहून फाडून टाकलेस?’ असे आम्ही विचारले नव्हते. पाने मोजली होती.

दोन दिवसांनी सकाळी बोट निघाली तेव्हा आमचा डावा कान दडलेला होता. नाक चिमटीत धरून फुंकर मारली, कान सुटेना. अशा कानाने खाली गेले तर पडदा फाटू शकतो, हे पहिल्या आठवड्यातच शिकवतात. आणि याआधी दोनदा तरी आम्ही तसेच गेलो होतो. सगळे एकेक करून मागे कलंडत पाण्यात गेले. आम्ही पन्नास मिनिटे बोटीवर बसून राहिलो. खलाशाने चहा दिला. बुडबुडे कुठे फुटतात ते पाहण्यात प्रारंभी गंमत वाटली, मग तीही ओसरली.

वही काढून समासात तारीख घातली आणि लिहिले: उतरलो नाही, कान. मग मागे जाऊन ६३व्या पानावरचा ५० खोडून २० केला. पुढच्या पानांवरही हात फिरवायचा होता. पण कुठे पंचेचाळीस होते, कुठे तीस, हे आता आठवत नाही. ती पाने तशीच आहेत.