विषाला न जुमानणारे

मारुतीच्या माळेतली रुई आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. पान तोडलं की पांढरा चीक येतो आणि त्या चिकात हृदय बंद पाडू शकणारी रसायनं असतात. गुरं सहसा तिला तोंड लावत नाहीत. पण प्लेन टायगर या तांबूस फुलपाखराच्या अळ्या हीच पानं खाऊन वाढतात. त्याचं अमेरिकेतलं भावंड म्हणजे मोनार्क. ते रुईच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं आणि तिथलं विष अंगात साठवतं. हे विष, म्हणजे कार्डेनोलाइड, माझ्या अभ्यासाचा विषय आहे. फुलपाखरू विष कसं साठवतं, याबद्दल बरंच लिहिलं गेलंय. मला जास्त ओढ आहे ती ते फुलपाखरू खाऊनही जगणाऱ्यांची.

१९६०च्या दशकात लिंकन ब्राउअर यांनी पिंजऱ्यातल्या ब्लू जे पक्ष्यांना मोनार्क खाऊ घातले. पक्ष्याला उलट्या झाल्या आणि पुढे तो नुसतं फुलपाखरू दिसलं तरी नाकारू लागला. पाठ्यपुस्तकं बहुधा इथेच थांबतात आणि ‘कडू फुलपाखरांना पक्षी खात नाहीत’ असा समज पक्का होतो. हे अर्धंच सत्य आहे, आणि उरलेलं अर्धं मेक्सिकोत सापडतं.

मध्य मेक्सिकोच्या डोंगरांत, सुमारे ३००० मीटर उंचीवरच्या ओयामेल वृक्षांवर मोनार्क लाखोंच्या संख्येने हिवाळा काढतात. ही ठिकाणं १९७५मध्ये संशोधकांना कळली. तिथे जमिनीवर फुलपाखरांच्या पंखांचा खच पडलेला दिसतो. खाणारे मुख्यतः दोन पक्षी: काळ्या पाठीचा ओरिओल आणि काळ्या डोक्याचा ग्रोसबीक. ब्राउअर आणि कॅल्व्हर्ट यांच्या १९८५च्या अभ्यासानुसार सव्वादोन हेक्टरांच्या एका वसाहतीत पक्ष्यांनी एका हंगामात सुमारे २० लाख फुलपाखरं, म्हणजे तिथल्या एकूण संख्येच्या साधारण ९ टक्के, फस्त केली.

दोघांची रीत मात्र अगदी वेगळी. ओरिओलला विष बाधतं, म्हणून तो ते टाळतो: फुलपाखरू चिरून आतला मऊ भाग आणि छातीचे स्नायू काढून घेतो आणि जास्त विषारी कातडं टाकून देतो. ग्रोसबीक पोट सबंध गिळतो. त्याला उलटी होत नाही.

का होत नाही, याचं उत्तर पेशीत आहे. प्राण्यांच्या प्रत्येक पेशीच्या आवरणात सोडियम-पोटॅशियम पंप असतो. तो तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. या कामावरच हृदयाचे ठोके आणि मज्जातंतूंचे संदेश चालतात. कार्डेनोलाइड या पंपात जाऊन अडकतं आणि पंप थांबतो. (हृदयरोगावरचं डिगॉक्सिन याच कुळातलं आहे. औषध आणि विष यांतला फरक तिथे फक्त मात्रेचा.) पंपाच्या साखळीतल्या १११, ११९ आणि १२२ या क्रमांकांच्या जागी अमिनो आम्लं बदलली, तर विषाला नीट चिकटता येत नाही. मोनार्कने हेच केलंय. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ग्रोसबीकच्या पंपातही त्याच भागात बदल आढळले. घरातल्या उंदराच्या पंपातही १११ आणि १२२ या जागा बदललेल्या असतात, आणि म्हणून उंदराला ही विषं फारशी बाधत नाहीत. खाणारा आणि खाल्ला जाणारा दोघंही स्वतंत्रपणे एकाच जागी पोचले, हे मला आजही थक्क करतं.

मग सगळ्याच पक्ष्यांनी हे का केलं नाही? कारण बदलाची किंमत मोजावी लागते. २०१९मध्ये संशोधकांनी फळमाशीच्या जनुकात मोनार्कचे बदल एकेक करून घातले. १२२चा बदल एकटा घातला की माशी विषापुढे टिके, पण हादरा बसला की तिला लकवा मारल्यासारखं होई. ११९चा बदल सोबत असला की तो दोष बराच कमी होई. म्हणजे कोणता बदल आधी येतो यावर पुढचा मार्ग ठरतो.

ग्रोसबीकची सहनशक्तीही अमर्याद नाही. माद्यांत विष जास्त असतं आणि वसाहतीत पक्षी नर जास्त मारतात. शिवाय पक्ष्यांचं खाणं साधारण आठ दिवसांच्या लयीत वाढतं आणि ओसरतं. अंगात साठलेलं विष उतरेपर्यंत ते हात आखडता घेत असावेत, असा तर्क ब्राउअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. मला तो पटतो, पण तो तपासायला मोकळ्या रानातल्या पक्ष्यांच्या रक्तात रोजच्या रोज किती विष आहे हे मोजावं लागेल, आणि ते काम अवघड आहे.