डफाचं कडं

३ जुलै
नातीच्या शाळेत पोवाडा बसतोय, तिला हलका डफ हवाय. विकत मिळतो, पण पातळ लाकूड वाकवून बघायला मला निमित्तच हवं होतं. व्यास ३०० मिमी, पट्टी ३ मिमी जाड. कागदावर हिशेब केला, तर बाहेरचा घेर आतल्यापेक्षा जवळजवळ १९ मिमी जास्त भरतो. गंमत म्हणजे कडं बैलगाडीच्या चाकाएवढं केलं तरी हा फरक तेवढाच राहतो, कारण तो फक्त जाडीवर ठरतो. मोठ्या घेरात तो लांबवर वाटला जातो, लहान घेरात थोडक्या जागेत सोसावा लागतो. लाकूड तडकतं ते तिथे.

५ जुलै
टिंबर मार्केटात सागवान मागितलं. मिस्त्री म्हणाले, "काका, साग कशाला? तेलकट असतो, फेव्हिकॉल धरायला नखरे करतो. बीच न्या." मग त्यांनी फळी डोळ्यासमोर आडवी धरली आणि रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जातात का ते पाहिलं. मधेच काठाबाहेर पळालेली रेषा दिसली की फळी बाजूला. वाकवताना चीर तिथूनच सुटते.

८ जुलै
कुकरची शिट्टी काढून तिथे रबरी नळी लावली, नळीचं दुसरं टोक प्लायच्या लांबोळक्या पेटीत. जाडीच्या दर इंचाला तासभर वाफ, असा सुतारकामातला ठोकताळा आहे. ३ मिमीला सात-आठ मिनिटं पुरतात. खरी घाई पट्टी बाहेर काढल्यावर. हातमोजे घालून साच्यावर ओढेपर्यंत ती निवायला लागते. पहिल्या पट्टीने शेवटच्या वळणावर 'कट्' केलं आणि बाहेरच्या अंगाला कुसळं उभी राहिली. आतलं अंग मात्र गुळगुळीत, एक सुरकुतीही नाही.

९ जुलै
पट्टी तडकण्याचं उत्तर खुर्च्या बनवणाऱ्या मिखाएल थोनेटने केव्हाच देऊन ठेवलंय. वाफवलेलं लाकूड दाबलं तर बरंच आत मावतं, ताणलं तर शेकडा एक-दोनच्या पुढे जात नाही. म्हणून त्याने बाहेरच्या अंगाला पोलादी पट्टी बांधली आणि दोन्ही टोकांना अडणी दिली. लाकडाला लांबायची मुभाच नाही, सगळा वाक आतल्या दाबावर निभावायचा. १८५६ साली त्याला या रीतीचे हक्क मिळाले, १८५९ साली १४ नंबरची खुर्ची आली: सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. मुंबईच्या इराण्याकडे आपण ज्यावर बसून ब्रून मस्का खाल्ला, त्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या याच घराण्यातल्या. आधी तोही पातळ पापुद्रे सरसात शिजवून साच्यात दाबायचा, पण ओल लागली की तो सरस सोडून द्यायचा.

मी पत्र्याची पट्टी कापून टोकांना कोनी ठोकल्या. आज पट्टी तडकली नाही.

१४ जुलै
पट्ट्या साच्यावरच पंख्याखाली वाळल्या. ओल्या लाकडाला गोंद लावण्यात अर्थ नाही. ६ मिमीची एकच पट्टी वाकवण्यापेक्षा ३ मिमीच्या दोन बऱ्या. प्रत्येक आपापली वाकते, गोंद सुकेपर्यंत एकमेकीवर सरकते, सुकला की दोघी मिळून एक.

सांध्याला वेळ गेला. टोकाला टोक भिडवून चिकटवलं तर काही टिकत नाही, लाकडाच्या उघड्या नळ्या गोंद पिऊन टाकतात. म्हणून जाडीच्या आठपट, म्हणजे २४ मिमी लांब उतार रंध्याने काढला. टोक इतकं पातळ झालं की खालचं बोट दिसत होतं. आतल्या थराचा सांधा एका बाजूला, बाहेरच्याचा समोर. वरून सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या करकचून गुंडाळल्या. गोल वस्तूला सगळीकडून सारखा दाब द्यायला शिकंज्यांपेक्षा ही ट्यूब सरस, आणि पंक्चरवाला ती फुकट देतो.

१७ जुलै
पावसाळी हवेत गोंद सावकाश सुकतो, म्हणून एक दिवस जास्त ठेवलं. ट्यूब सोडल्यावर कडं जागचं हललं नाही. पण चामडं चढवणारे म्हणाले, सुकताना कातडं सगळीकडून आत ओढतं, ६ मिमी कमी पडेल. नातीला जड नको आहे. तिसरा थर २ मिमीचा घालतो. तेवढ्याला वाफही लागणार नाही, कोमट पाण्यात भिजवून भागेल.