राव पिंगरूंचं देणं

शांघायच्या राव पिंगरूंची बायको माओ मेइतांग २००८ च्या मार्चमध्ये गेली. साठ वर्षांचा संसार होता आणि पिंगरू तेव्हा नव्वदीकडे झुकलेले. ते रंग-कुंचला घेऊन बसले आणि दोघांचं आयुष्य कागदावर काढायला लागले. तिच्या तोंडून ऐकलेलं तिचं बालपणही त्यांनी काढलं. अशा अठरा वह्या भरल्या. २०१३ मध्ये चीनमध्ये त्याचं पुस्तक झालं, २०१८ मध्ये निकी हार्मन यांनी केलेला इंग्रजी अनुवाद आला आणि भाचीच्या हातून तो मिरजेला माझ्यापर्यंत पोचला. "आत्या, हे तू वाच, बाकीची कामं राहू देत," एवढंच ती म्हणाली. या माणसाचं माझ्यावर ऋण आहे. ते कशाचं, हे मला लिहून ठेवायचं आहे.

माझ्या पिढीला चीन म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात: सोलापूरचे डॉ. कोटणीस आणि १९६२ चं युद्ध. एकात अपार माया, दुसऱ्यात दगा. या दोहोंच्या मध्ये घर चालवणारी, पोरांना शाळेत धाडणारी माणसं तिथं असतील, हे कधी मनात आलंच नव्हतं. कोटणीस ज्या युद्धात साम्यवाद्यांच्या सैन्यातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करत होते, त्याच जपानविरुद्धच्या युद्धात पिंगरू लढले, पण कुओमिंतांगच्या, म्हणजे साम्यवाद्यांच्या विरोधकांच्या, सैन्यातून. पुढे साम्यवाद्यांचं राज्य आलं आणि ही नोंद त्यांच्या नावापुढं राहिली.

पण पुस्तकात युद्धापेक्षा जास्त जीव ओतलाय तो एका खिडकीवर. १९४६ चा उन्हाळा. वडिलांनी लग्न ठरवायला बोलावून घेतलं म्हणून पिंगरू घरी आले. मुलीच्या घरात शिरताना त्यांना खिडकीतून एक वीस-एकवीस वर्षांची मुलगी दिसली. हातात आरसा, ओठांना लाली लावण्यात गुंगलेली. आपल्याला कोणी बघतंय याचा तिला पत्ताच नाही. बघण्याच्या कार्यक्रमाआधी चोरून झालेलं हे दर्शन आपल्याकडच्या कितीतरी घरांत सांगतात, आमच्या घरातही सांगायचे. १९४८ मध्ये दोघांचं लग्न झालं.

दहा वर्षांनी, १९५८ मध्ये, पिंगरूंना 'श्रमातून पुनर्शिक्षणा'साठी आनहुई प्रांतात धाडलं. ते १९७९ मध्ये परतले. मधल्या काळात वर्षातून एकदा, नववर्षाच्या सुट्टीला घरी यायचं आणि परत जायचं. मेइतांगला सांगण्यात आलं, याच्याशी संबंध तोड. तिनं ऐकलं नाही. पाच मुलं पदरात. ती बांधकामावर सिमेंटच्या गोण्या उचलायला जाऊ लागली. खात्यापित्या घरातली, लालीची हौस असलेली ती मुलगी. पुढं शांघायमधल्या एका संग्रहालयावरून जाताना पिंगरू थबकायचे. या पायऱ्यांपैकी कुठल्या पायरीत तिनं वाहिलेलं सिमेंट असेल, असं त्यांच्या मनात यायचं.

दुष्काळ, सांस्कृतिक क्रांती, अध्यक्ष माओंचा मृत्यू हे सगळं या काळात घडून गेलं. पुस्तकात ते येतं, पण रेशन, मुलांची पोटं, नोकऱ्या, लग्नं यांच्या आडून. मेइतांगची काही पत्रंही त्यात आहेत. मला हेच मोठं वाटतं. त्या काळाबद्दल रागानं लिहिण्याचा त्यांना पुरता हक्क होता, तरी पिंगरूंनी आपली सगळी ताकद एका बाईला नीट आठवण्यात घातली.

१९९२ मध्ये मेइतांगचा मूत्रपिंडाचा आजार वाढला. पिंगरूंनी हातातली कामं सोडली. पहाटे उठून तिची वेणीफणी, तोंड धुणं, स्वयंपाक, इन्शुलिन, आणि दिवसातून चार वेळा पोटातून डायलिसिस. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं, कारण ते मला पाठ होतं.

ह्यांचंही पोटाचंच डायलिसिस होतं. ज्यांनी हे घरी केलंय त्यांना सांगायला नको. पंखा बंद, खिडकी बंद, दाराला कडी. तोंडाला मास्क. कोपरापर्यंत हात धुवायचे आणि मग काही म्हणजे काही शिवायचं नाही, डोक्यावरचे केस कपाळावर आले तरी. कोमट केलेली दोन लिटरची बॅग वर टांगायची, रिकामी खाली ठेवायची. आधी पोटातलं पाणी उतरू द्यायचं, मग नवं सोडायचं. उतरलेली बॅग उजेडाकडे धरून बघायची: फिकट पिवळं, आरपार दिसणारं असलं तर जीव भांड्यात, गढूळ दिसलं तर लगेच डॉक्टरांना फोन. मग वजन, आणि वहीत नोंद: आत किती, बाहेर किती, बीपी किती. एप्रिल-मे महिन्यात त्या बंद खोलीत घामानं निथळत दोघं बसायचो आणि हे मला जुन्या नाटकांच्या गोष्टी सांगायचे.

लोक म्हणायचे, "किती करतेस गं!" त्यावर काय बोलावं हे मला कळत नसे.

शेवटी शेवटी ह्यांना भ्रम व्हायला लागला. दवाखान्यात नळ्या ओढून काढायला लागले, तेव्हा हाताला कापूस गुंडाळून पट्टीनं हात पलंगाला बांधावे लागले. मला विचारून, माझी सही घेऊन. दुसरा इलाज नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं आणि आजही कळतं. पण ह्यांनी माझ्याकडे बघून "सोड ना" म्हटलेलं मी मुलांनासुद्धा सांगितलं नव्हतं.

पिंगरूंबद्दल चाय जिंग या चिनी पत्रकार बाईंनी लिहिलंय. त्यात हे सगळं आहे. मेइतांगही नळ्या ओढायची. तिला ऐकू कमी येई, अक्षरं दिसत नसत, म्हणून हा म्हातारा चित्रं काढून तिला दाखवायचा: नळी ओढू नको. चित्रांनीही भागेना, तेव्हा रात्र रात्र जागून राखण केली. तेही शरीराला झेपेना, तेव्हा तिचे हात बांधले. ती बांधू नको म्हणून विनवायची. इतकं त्यांनी न लपवता सांगितलं, आणि जिच्याबद्दल सांगितलं तिच्यावरचं प्रेम त्यानं तसूभरही उणं झालं नाही.

एकदा मेइतांगला एक ठरावीक केक हवा झाला. घराजवळ मिळेना. पिंगरू सायकल काढून लांबवर गेले, रात्री घेऊन परतले, तर तिला तो नकोच. मुलं रागावली: आईचं बोलणं आता धरायचं नसतं, या वयात रात्रीची सायकल कशाला? पण तिनं सांगितलेलं धरायचं नसतं, हे काही पिंगरूंच्या अंगवळणी पडलं नाही.

ते २०२० च्या एप्रिलमध्ये गेले. ह्यांच्या आजारपणात ओळखीच्या झालेल्या डायलिसिसच्या घरांत माझं अजून जाणं-येणं आहे, आणि मी ही गोष्ट तिथं सांगते. परवा औषधांच्या दुकानात एक काका भेटले. बायकोचं सगळं तेच करतात, बोलणं मात्र कुणाशी नाही. केकपाशी ते मान हलवत होते. हात बांधल्याचं सांगितलं तशी मान वर केली.

"हे त्यांनी स्वतः सांगितलं?"

"स्वतः."

"लोकांना?"

"हो."

मग ते बोलायला लागले ते औषधांचं दुकान बंद व्हायची वेळ होईपर्यंत बोलत राहिले. निघताना पुस्तकाचं नाव चिठ्ठीवर लिहून द्या म्हणाले, नातीला इंग्रजी येतं, ती वाचून दाखवेल.