साडेतीन परस पाणी

जळकोटहून समुद्र कोणत्याही दिशेने जवळ नाही. पश्चिमेला कोकण, पूर्वेला आंध्रचा किनारा. दोहोंपैकी कोठेही जायचे तर एक रात्र प्रवासात जाते. गावाच्या नावात ‘जळ’ आहे आणि ‘कोट’ही आहे, परंतु त्या नावामुळे तालुक्याच्या पाण्यात घागरभर भर पडल्याचे ऐकिवात नाही. बालाघाटच्या डोंगररांगेतील हा मुलूख उताराचा आणि खडकाळ. पडलेला पाऊस येथे मुक्कामाला थांबत नाही. अशा तालुक्यातील आपल्या निवासी शाळेत एका खोलीत वाढलेले आम्ही चौघे, वयाची पंचेचाळिशी ओलांडल्यावर, गेल्या जानेवारीत मालवणच्या समुद्राचा तळ पाहण्यासाठी गेलो. त्याविषयी लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह होता.

चौघांची नावे येथे देत नाही. वसतिगृहातील माजी विद्यार्थी आम्हांला ज्या नावांनी ओळखतात ती पुरेशी आहेत. एक मास्तर, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. दुसरा कंडक्टर, एस.टी.त वाहक. तिसरा इंजिनिअर, जो बारा वर्षे जपानमध्ये नोकरीस आहे. चौथा मी, बँकेत लिखापढी करणारा. या प्रवासाचे मूळ इंजिनिअरच्या बोलण्यात आहे. माजी विद्यार्थी मेळाव्याच्या रात्री वसतिगृहाच्या गच्चीवर तो जपानच्या किनाऱ्याविषयी सांगू लागला. तेथे सुट्टीच्या दिवशी तो मित्रांबरोबर इझू द्वीपकल्पातील ओसेझाकी या ठिकाणी पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरतो. समोर फुजी पर्वत दिसतो, पाणी हिवाळ्यात इतके गार की अंगाला पाणी लागू न देणारा जाड पोशाख घालावा लागतो. मिए प्रांतातील ‘अमा’ स्त्रियांची गोष्टही त्याने त्या रात्री सांगितली. या बायका कोणतीही टाकी न घेता, एका श्वासावर समुद्राच्या तळाशी जातात आणि शिंपले-कालवांच्या जातीचे जीव खडकावरून काढून आणतात. त्यांतील कित्येक साठी-सत्तरीच्या आहेत. वर आल्यावर कोंडलेला श्वास त्या अशा रीतीने सोडतात की शिट्टीसारखा आवाज होतो, आणि तो किनाऱ्यावर ऐकू येतो.

आम्हांला सर्वांत नवल वाटले ते मात्र निराळ्याच गोष्टीचे. ओसेझाकीच्या टोकावर, तिन्ही बाजूंनी खारे पाणी असताना, गोड्या पाण्याचे एक तळे आहे आणि त्यात गोड्या पाण्यातील मासे राहतात. दुष्काळी माणसाचे कान अशा ठिकाणीच टवकारतात. कंडक्टरने लगेच विचारले, “उन्हाळ्यात आटतं का रे?”

जपानला जाण्याइतका पैसा आम्हां तिघांकडे नव्हता आणि इंजिनिअरच्या पैशाने जाण्याची कोणाची तयारी नव्हती. “मग मालवणला चला,” तो म्हणाला, “समुद्र तर एकच आहे.” खरी अडचण पैशाची नव्हतीच. आम्हां चौघांपैकी तिघांना पोहता येत नव्हते.

याची थोडी फोड करणे आवश्यक आहे. मराठवाड्यात पोहणे शिकण्याची शाळा म्हणजे विहीर. पाठीला वाळला भोपळा, पांगाऱ्याचे लाकूड किंवा बंद केलेला पत्र्याचा डबा बांधायचा आणि थोरल्या भावाने वा काकाने मुलाला वरून ढकलून द्यायचे. चार दिवसांत डबा सुटतो, आठ दिवसांत पोरगा मुटके मारू लागतो. परंतु यासाठी विहीर आपली असावी लागते, निदान आपल्याला तिच्यात उतरू देणारी असावी लागते. आमच्या आजोबांच्या पिढीला विहिरीच्या काठावरही उभे राहता येत नव्हते. कोणी पोहऱ्याने वरून पाणी ओतील त्याची वाट पाहत बसावे लागे. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी प्याले, त्या घटनेला शंभर वर्षे होत आली. पिण्याचा हक्क मिळाला, नळ आले, हातपंप आले. पण पोहणे ही पाण्याशी खेळण्याची गोष्ट आहे, आणि खेळण्याइतके पाणी आमच्या वाट्याला कोणत्याच काळात आले नाही. १९७२ च्या दुष्काळात आमच्याच वडीलधाऱ्यांनी रोजगाराच्या कामावर खडी फोडली, पाझर तलाव खोदले. ज्यांनी तळी खोदली त्यांतल्या कितीकांना त्या तळ्यात हातभर पोहता येत नव्हते.

अशाच एका पाझर तलावात कंडक्टरचा थोरला भाऊ बुडाला. तो बारा वर्षांचा होता, हा नऊ वर्षांचा. म्हशी धुवायला गेलेला मुलगा परत आला नाही. पुढील वर्षी आईने याला आपल्या वसतिगृहात आणून सोडले, आणि अधीक्षकांकडे एकच मागणे केले, की याला पाण्याजवळ जाऊ देऊ नका. ते पाळणे अधीक्षकांना सोपे गेले. आंघोळीला प्रत्येकी एक बादली, आणि चैत्र-वैशाखात दिवसाआड अर्धी. बुडण्याजोगे पाणी आवारात नव्हतेच.

लातूरला रेल्वेने पाणी आले ते वर्ष वाचकांच्या स्मरणात असेल. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पहिली गाडी आली, दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. त्याआधी पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू झाली होती. त्या काळात मास्तरांच्या वर्गातील एका मुलाने समुद्राचे चित्र काढताना पाण्यावर झाकण काढले होते. मास्तर हे हसत सांगतात, पण आम्ही कोणी हसलो नाही.

सोलापूर, कोल्हापूर, फोंडा घाट असा प्रवास झाला. घाट उतरताना झाडी दाट होत जाते आणि मराठवाड्याच्या माणसाला उगीच अपराधी वाटू लागते, इतके ते हिरवे असते. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. लातूरला आठशेच्या आत.

पहिल्या दिवशी किल्ला पाहिला. कुरटे बेटावरील सिंधुदुर्गाची पायाभरणी १६६४ मध्ये झाली आणि तीन वर्षांत तो उभा राहिला. तटाची लांबी सुमारे तीन किलोमीटर. पायाच्या दगडांत शिसे ओतले आहे. इतिहासाची ही माहिती वाटाड्या सांगत होता, पण आम्ही थांबलो ते दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरींपाशी. चारी बाजूंना समुद्र आणि आत गोडे पाणी. इंजिनिअरला ओसेझाकीचे तळे आठवले. त्याने कारणही सांगितले, की अशा जागी पावसाचे मुरलेले गोडे पाणी हलके असल्यामुळे जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगून राहू शकते. उपसा बेताचा असेल तोवर खारे पाणी वर येत नाही. उपसा बेताचा असेल तोवर, हे शब्द मास्तरांनी दोनदा म्हटले. आपल्याकडे कूपनलिका किती खोल गेल्या आहेत हे ते जाणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडी निघाली. मालवणच्या समुद्राचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा पट्टा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ वाढलेले आहेत. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची प्रशिक्षण संस्थाही आहे. तेथे या विद्येचे रीतसर शिक्षण मिळते. आम्ही घेतला तो केवळ ओळखीचा अनुभव. पोहता न येणाऱ्यालाही त्यात नेतात, कारण प्रत्येकामागे एक वाकबगार पाणबुड्या टाकी धरून राहतो. आमचे पाणबुडे गाबीत समाजाचे तरुण होते. त्यांच्या घरी अजून रापण ओढतात.

पाठीवरच्या टाकीला सगळे ‘ऑक्सिजन’ म्हणतात. तिच्यात असते ती साधी हवा, दाबून भरलेली. तोंडातल्या यंत्राने ती हवा श्वासाच्या मागणीप्रमाणे आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबाने मिळते. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी ही युक्ती सिद्ध केली आणि माणूस दोराशिवाय समुद्रात हिंडू लागला. दहा मीटर खाली गेले की दाब दुप्पट होतो. कानांत दडे बसतात. नाक चिमटीत धरून हळूच फुंकावे लागते. एक नियम मात्र सर्वांच्या वर: श्वास कधीही रोखायचा नाही. खोल पाण्यात घेतलेली हवा वर येताना फुगते, आणि श्वास रोखलेला असेल तर फुप्फुसाला इजा होते.

हे ऐकताच मास्तरांचा चेहरा उजळला. “आनापान! रोज पहाटे वंदनेनंतर आपण दुसरं काय करत होतो?” त्यांच्या उत्साहात तथ्य होते, पण पुरते नव्हते. शाळेत आम्हांला नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास पाहायला शिकविले. येथे नाक मुखवट्यात बंद, श्वास सगळा तोंडाने. तीस वर्षांची सवय पहिल्या दोन मिनिटांत आड आली. मास्तर नाकाने श्वास घेऊ पाहत होते आणि मुखवटा गालांना चिकटत होता. शांत बसण्याची सवय तेवढी कामाला आली.

खुणा कंडक्टरने सर्वांत आधी पाठ केल्या. अंगठा वर म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘मला वर न्या’. सगळे ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल दाखवायचा. “एक घंटी थांबा, दोन घंट्या चला. आमचं आयुष्य यातच गेलं,” तो म्हणाला. आणि मग शांतपणे म्हणाला, “तुम्ही जाऊन या. मी होडीत बसतो.” कोणी आग्रह केला नाही.

आपल्याकडे विहिरीची खोली परसाने मोजतात. एक परस म्हणजे एका उभ्या माणसाची उंची. आम्ही गेलो ती खोली सुमारे सहा मीटर, म्हणजे साडेतीन परस. गावच्या विहिरी याहून खोल आहेत. फक्त त्यांच्यात पाणी नसते. खाली उतरताना पहिली गोष्ट हरवते ती दिशा. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने जातो, त्यामुळे होडीची घरघर कोणत्या बाजूने येते ते कानाला उमगत नाही. मास्तरांच्या पोशाखावरचा लाल पट्टा मळकट तपकिरी दिसू लागला, कारण पाणी लाल रंग आधी गिळते. हात लांबवला तर मासा वाटतो त्याहून दूर असतो. काळ्या पट्ट्यांचे पिवळे मासे आमच्याकडे बघून न बघितल्यासारखे करीत जात होते. प्रवाळ दगडासारखे दिसतात, पण ते प्राण्यांचे घर आहे; समुद्र अधिक तापला की त्यांच्यातले सूक्ष्म शेवाळ निघून जाते आणि ते पांढरे पडतात. त्यांना हात लावू नये, त्यांच्यावर पाय देऊ नये. छायाचित्रासाठी माशांना पावाचे तुकडे चारण्याची तेथे पडलेली चालही मला मुळीच आवडली नाही. पर्यटकाच्या हौसेखातर भिकेला लावलेला मासा पाहण्यासाठी कोणी इतक्या दूर का यावे?

पंधरा-वीस मिनिटांनी वर आलो तेव्हा कंडक्टर होडीत नव्हता. होडीच्या शिडीला एका हाताने घट्ट धरून, गळ्याइतक्या पाण्यात, मुखवटा लावून तो उभा होता. एक तरुण त्याच्यामागे होता. “मी आसंय, सोडूचंय नाय,” असे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. कंडक्टरने तोंड पाण्यात घातले, काढले, पुन्हा घातले. तिसऱ्या वेळी ते बराच वेळ आतच राहिले. आम्ही बुडबुडे मोजत बसलो.

होडीत आल्यावर तो काही वेळ बोलला नाही. नंतर त्या तरुणाला त्याने विचारले, “तुम्ही पोहायला कधी शिकलात?” तरुण गोंधळला. शिकल्याचे त्याला आठवतच नव्हते. चालायला कधी शिकलो हे आपल्याला आठवत नाही, तसे. कंडक्टर त्याच्याकडे पाहत राहिला. “तळ दिसतो,” तो आम्हांला म्हणाला. “आमच्या तलावात दिसत नव्हता. गढूळ पाणी. लोकांनी दोन दिवस चाचपून काढला त्याला.” छत्तीस वर्षांत भावाविषयी तो आमच्यापाशी एवढे प्रथमच बोलला.

परतीच्या वाटेवर याच विषयावर बोलणे होत राहिले आणि त्यातून एक प्रस्ताव निघाला, तो संस्थेपुढे लेखी ठेवला आहे. आपल्या शाळेतील पाचवीपासूनच्या प्रत्येक मुला-मुलीला पोहणे शिकवावे. तरण तलाव बांधावा असे आम्ही म्हणत नाही; तेवढे पाणी आणि पैसा दोन्ही नाही. पावसाळा सरल्यावर तलावात पाणी असते आणि निवळलेले असते. काठाजवळची कमरेइतक्या पाण्याची जागा दोराने आखून घ्यावी, तरंगणारी जाकिटे घ्यावीत, दोन पोहणारे माणूस आणि एक बाई शिकवायला असावीत, आणि पालकांची लेखी संमती असावी. जाकिटांचा खर्च इंजिनिअरने पत्करला आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना पोहता येते त्यांनी दिवाळीच्या सुट्टीतले आठ दिवस द्यावेत. पालकांची भीती आम्ही जाणतो. ती खोटी नाही. मात्र पोरे उन्हाळ्यात शेततळ्यावर जातातच, सांगून किंवा न सांगता, हेही पालकांनी ध्यानात घ्यावे.

कंडक्टर संस्थेच्या उत्तरासाठी थांबलेला नाही. त्याची मुलगी सातवीत आहे. मेहुण्याच्या शेतातील विहिरीवर तो रविवारी तिला घेऊन जातो, स्वतः काठावर दोर धरून बसतो. आईला अजून सांगितलेले नाही. परवा त्याचा फोन आला होता. पाठीवरचा डबा सुटलेला नाही. पण पोरगी बाहेर यायला तयार नसते, आणि त्याची पाळी दुपारी तीनला सुरू होते.