वेंगुर्ल्याचें पुढचें दार

मोटारीनें वेंगुर्ल्यास जाणारास तें गांव मागच्या दारानें दिसतें. काजूच्या बागा, बाजार, आणि उतार संपतां संपतां एकदम समुद्र! परंतु हें गांव वाढलें तें समुद्राकडे तोंड करून. तेव्हां एकदां तरी पुढच्या दारानें आंत शिरावें, ही फार दिवसांची इच्छा गेल्या माघांत पुरी झाली. माझ्या मेहुण्यांच्या एका स्नेह्यांची लहानशी शिडाची यॉट मालवणास आली होती; तिच्यांतून आम्ही चौघें निघालों.

अंतर सुमारें पंधरा सागरी मैलांचें. पहांटे जमिनीवरून सुटणारा मतलई वारा शिडांत भरला, कीं नौका आवाज न करतां बाहेर पडते. दहाच्या सुमारास तो गळतो व मग वायव्येकडून खारा वारा उठतो. मधल्या निर्वात वेळांत वहिनींनीं पोह्यांचा डबा उघडला. किनाऱ्यालगत खडक फार. म्हणून तांडेल आम्हांस बराच बाहेरून नेत होता. पश्चिमेस वेंगुर्ल्याचे खडक व त्यांवरील दीपगृह दिसूं लागलें. तेथील गुहेंत पाकोळ्या आपल्या लाळेचीं घरटीं बांधतात. तीं चिनी लोकांच्या सूपासाठीं चोरून नेत असत! जिभेचे लाड माणसास कोठवर नेतील, याचा नेम नाहीं.

दुपारीं तीन वांव पाण्यांत नांगर टाकला. हें बंदर म्हणजे चहूंकडून बंदिस्त गोदी नव्हे. आषाढांतील लाटांपुढें येथें नौकेचा टिकाव लागत नाहीं. आगबोटी चालू होत्या तेव्हां त्याही दूर उभ्या राहत आणि उतारू पडावांतून धक्क्यावर येत. मुंबईहून चाकरमानी, त्यांच्या ट्रंका, बाळंतपणास माहेरीं आलेल्या लेकी, सगळीं याच पाण्यावरून हेलकावत घरीं पोंचलीं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ती वाहतूक बंद पडली.

त्याआधीं येथें व्यापार मोठा होता. वलंदाजांनीं १६३७ सालीं येथें ठाणें केलें, तें गोव्याच्या फिरंग्यांची कोंडी करणाऱ्या आपल्या जहाजांना रसद मिळावी म्हणून. त्यांच्या वखारीच्या भिंती अजून उभ्या आहेत. पुढें इंग्रजी अमलांत आंबोली घाटानें बेळगांवकडचा माल गाड्यांवरून येथें उतरूं लागला. पण १८८८ च्या सुमारास मुरगांवास आगगाडी जोडली गेली, आणि माल तिकडे वळला. बंदरास कोणी वाईट म्हटलें नाहीं. नुसता रस्ता बदलला.

उरली ती मासेमारी. आमच्यांतील दोघें शाकाहारी, त्यामुळें किनाऱ्यावर उतरतांना नाकास पदर व रुमाल लागले हें खरें. परंतु पांच मिनिटांत वास विसरला, कारण समोर रापण ओढली जात होती. लांबच लांब जाळें होडीनें समुद्रांत अर्धवर्तुळाकार सोडतात आणि त्याचे दोन्ही दोर वाळूवरून वीस-तीस माणसें ओढतात. मिळेल त्याचे वांटे पडतात. जाळ्याचा, होडीचा, ओढणाराचा, प्रत्येकाचा वांटा ठरलेला. आमच्या एकत्र कुटुंबांत यापेक्षां चोख हिशेब क्वचितच सांपडेल.

तासभर ओढून जाळें आलें, तेव्हां तळाशीं थोडे पेडवे आणि मूठभर बांगडे. मोठ्या यांत्रिक नौका पर्ससीन जाळ्यांनीं थवेच्या थवे बाहेरच गोळा करतात. कांहीं तर रात्रीं प्रखर दिवे लावून मासे ओढून घेतात. राज्य सरकारनें २०१६ सालीं पर्ससीनवर कडक निर्बंध घातले, दिव्यांच्या मासेमारीस केंद्रानें २०१७ सालीं बंदी केली. कायदा कागदावर आहे. आदल्या रात्रीं क्षितिजावर उजेड पाहिल्याचें मात्र किनाऱ्यावरच्या प्रत्येकानें आम्हांस सांगितलें. "मासळी भायरच रवता, हय काय येतली?" एक वृद्ध गाबीत दोर गुंडाळीत म्हणाला.

तरीही वांटे पडले. पेडव्यांचे ढीग वाळूवर मांडले गेले, बोटांनीं मोजून सारखे केले गेले. दोर धरूं लागलेल्या दोन शाळकरी पोरांपुढेंही चार-चार पेडवे ठेवण्यांत आले, आणि तीं धांवत घराकडे गेलीं.